आक्षी येथील शिलालेख व त्याच्या कालनिर्णयाचा प्रश्न

(१)

मराठी भाषेंतील सर्वांत जुना मितियुक्त लेख कोणता, या प्रश्नास बरीच वर्षें एक ठरीव उत्तर मिळत आलें आहे. आक्षीचा शिलालेख, शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, हें तें उत्तर होय. ग्रंथांत, व्याख्यानांत आणि वर्तमानपत्रांत ही मिति इतक्या वेळां येऊन गेली आहे कीं, तिजविषयीं कांहीं शंका असेल असें सामान्य वाचकाच्या मनांतहि येत नाहीं. ता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हांपासून भाषेच्या प्राचीनत्वाचे पुरावे गोळा करण्याकडे लोकांचें लक्ष अधिक लागलें आहे, व त्यांत आक्षीच्या दगडाचें नांव पुढें येणें साहजिकच आहे.

परंतु ही मिति निर्विवाद नाहीं. कै. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथांत ती शके ९३४ अशी धरिली. उलटपक्षीं हा आंकडा शके ११३२, म्हणजे इ. स. १२१०, असा असावा असेंहि मत मांडण्यांत आलें आहे. दोहोंमध्यें अंतर सुमारें दोनशें वर्षांचें आहे. या अवधींत मराठी भाषा कोठून कोठें गेली, हें जुन्या पोथ्या हाताळणाऱ्या वाचकांस सांगावयास नकोच. म्हणून दोन्ही पक्षांचीं प्रमाणें एके ठिकाणीं मांडून, वादाचा निर्णय नेमका कशावर अवलंबून आहे तें दाखविण्याचा आमचा विचार आहे.

समुद्रकांठच्या एका खेड्यांतील दगडाच्या मितीशीं, समुद्रापासून शेंकडों मैल दूर पांढरकवड्यासारख्या गांवीं बसून पोथ्या जमविणाऱ्या संग्राहकाचें काय देणें लागतें, असें कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेंच कीं, मितिरहित पानाचा काळ आपण सारे भाषेच्या वळणावरून अजमावतों, आणि तें वळण कोणत्या शतकांत कसें होतें हें ठरविण्याचीं मापें अशा मितियुक्त दगडांवरूनच तयार झालीं आहेत. मूळ मापच दोनशें वर्षांनीं चुकलें, तर त्यानें मोजलेलें सर्वच चुकावयाचें.

(२)

आक्षी हें गांव रायगड जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांत, अलिबाग तालुक्यांत आहे. अलिबागच्या दक्षिणेस साखरची खाडी ओलांडली कीं आक्षी लागतें. त्यापुढें नागांव, आणि त्याहिपुढें चौल व रेवदंडा. नारळी-पोफळीच्या वाड्या, पुळणीवरचें सुरूचें बन, कोळ्यांची वस्ती आणि होड्या असें या बाजूच्या कोणत्याहि गांवाचें असतें तेंच याचेंहि रूप आहे. अलिबागेस कुलाब्याचा किल्ला व आंग्र्यांची समाधिस्थानें, रेवदंड्यास पोर्तुगीजांचा कोट असें नांवाजलेलें कांहीं असल्यामुळें, मधल्या आक्षीकडे इतिहासप्रेमी माणसाचें लक्ष एका दगडापुरतेंच जातें. पण तो दगड कोणत्या मुलखांत उभा राहिला हें प्रथम पाहिल्यावांचून त्याचा अर्थ लागत नाहीं.

आक्षीच्या दक्षिणेस अगदीं जवळ असलेलें चौल हें पश्चिम किनाऱ्यावरील अति प्राचीन बंदर. अरब लेखक त्यास सैमूर म्हणतात. अल् मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, तेथें आला होता. त्या वेळीं तेथें झंझ नांवाचा राजा असून परदेशांतून येऊन स्थायिक झालेले व येथेंच जन्मलेले मिळून सुमारें दहा हजार मुसलमान वस्तीस होते, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. हा झंझ म्हणजे उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील राजा होय. पुरी ही राजधानी व तिच्याभोंवतालचें चौदाशें गांवांचें कोंकण असें या राज्याचें वर्णन त्यांच्या ताम्रपटांत येतें. प्रथम हे राजे राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. इ. स. ९७३ मध्यें चालुक्य तैलपानें राष्ट्रकूटांची सत्ता मोडली. त्यानंतर शिलाहार अपराजित यानें दिलेल्या शके ९१९ च्या भादान ताम्रपटांत त्या नष्ट झालेल्या धन्याच्या घराण्याचें स्मरण केलेलें आहे. पुढें हें घराणें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकलें. शेवटचा राजा सोमेश्वर याचा देवगिरीच्या महादेव यादवानें इ. स. १२६५ च्या सुमारास पाडाव केला, व या युद्धांत सोमेश्वर समुद्रांत बुडाला. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाचे जे देखावे कोरलेले आहेत, त्यांचा संबंध कित्येक विद्वान् याच युद्धाशीं जोडतात.

सारांश, ज्या राजघराण्याचें जगणें व मरणें समुद्रावर झालें, त्याच्या मुलखांत, एका मोठ्या बंदराच्या सावलींत आक्षी वसलेलें होतें. आक्षीच्या लेखांत राजास जीं बिरुदें दिलेलीं आहेत त्यांचें महत्त्व या पार्श्वभूमीवरच ध्यानांत येतें.

(३)

लेखाचा आशय थोडक्यांत असा आहे. आरंभीं मंगलवाचक शब्द आहेत. नंतर पश्चिमसमुद्राधिपति, कोंकणचक्रवर्ती श्री केसीदेवराय याचें नांव येतें. त्याच्या महाप्रधानाचें नांव भइर्जु सेणुई. त्यापुढें शक, संवत्सर व शुक्रवार यांचा निर्देश आहे. शेवटीं महालक्ष्मी देवीच्या प्रीत्यर्थ नऊ कुवली धान्याची नेमणूक केल्याचें सांगितलें आहे. कुवली हें धान्य मोजण्याचें माप होय. लेखांत जो शब्द 'बोडणा' असा वाचला जातो, तो देवीच्या बोडणाचा वाचक मानला, तर कोंकणांतील कित्येक घरांत आजहि चालणाऱ्या या कुळाचाराचा तो फार जुना निर्देश ठरेल. शुक्रवार हा देवीचा वार असल्यामुळें हा अर्थ जुळतोहि. सेणुई हें पद शेणवई या जुन्या अधिकारवाचक शब्दाचेंच रूप दिसतें.

असे दगड किनाऱ्यावर आणि घाटावर पुष्कळ आहेत. माथ्यावर सूर्य व चंद्र, मध्यें दानाचा मजकूर, आणि खालीं गाढव व स्त्री यांची शापदर्शक आकृति, असें त्यांचें ठरलेलें रूप असून त्यावरून लोक त्यांस गधेगाळ म्हणतात. आक्षीचा दगडहि याच जातीचा आहे. सूर्यचंद्र हे दानाची मुदत सांगतात. चंद्रसूर्य असेपर्यंत तें चालावें. खालची आकृति दान मोडणाऱ्यास धाक घालते. मजकूर वाचतां येणारे गांवांत चारच असतील, परंतु वरचें अभय व खालचा शाप हे दोन्ही निरक्षरासहि कळत. म्हणजे हा दगड पंडितांकरितां लिहिलेला नाहीं. ज्यांनीं धान्य द्यावयाचें, ज्यांनीं तें घ्यावयाचें, आणि ज्यांच्या हातून त्यांत खोट होण्याचा संभव, त्या सर्वांसमोर उभी केलेली ती एक सनदच आहे.

येथें एक तुलना करण्याजोगी आहे. शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट ठाणें येथें १७८७ सालीं पाया खणतांना सांपडला, व १७८८ सालच्या 'एशियाटिक रिसर्चेस' च्या पहिल्या भागांत त्याचें भाषांतर छापून आलें. हिंदुस्थानांतील कोरीव लेखांच्या अभ्यासाच्या अगदीं आरंभींच्या प्रकाशनांपैकीं तें एक होय. हा ताम्रपट संस्कृतांत आहे. त्यांत राजाची वंशावळ, काव्यमय स्तुति, दान घेणाऱ्या ब्राह्मणाचा निर्देश असा सर्व थाट आहे. ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरीं पेटींत राहावयाचा आणि तंटा पडल्यास राजसभेंत दाखवावयाचा. त्याची भाषा राजसभेची असणें योग्यच. दगड मात्र वाटेवर उभा राहावयाचा. म्हणून त्याची भाषा वाटेवरच्या माणसाची.

(४)

आतां मितीकडे वळूं. शके ९३४ या वाचनाच्या बाजूनें मुख्य प्रमाणें दोन आहेत.

पहिलें राजाच्या नांवाचें. वर सांगितलेला अरिकेसरी हाच केशिदेव या नांवानेंहि ओळखला जातो. त्याचा निश्चित काळ शके ९३९, आणि आक्षीची मिति त्याच्या अवघीं पांच वर्षें आधींची. तेव्हां नांव व काळ यांचा मेळ बसतो. अरिकेसरीच्या पूर्वीं त्याचा वडील भाऊ वज्जड राज्य करीत होता, आणि ९३४ मध्यें राज्य कोणाकडे होतें हें ठरविण्यास दुसरें साधन नाहीं, इतकी शंका येथें उरते; पण ती या मितीस बाधक म्हणतां येत नाहीं.

दुसरें प्रमाण संवत्सराचें, आणि तें अधिक बळकट आहे. लेखांतील संवत्सराचें नांव 'प्रधावी' असें वाचलें गेलें आहे. तें परिधावी या संवत्सराचें रूप होय. शकावरून संवत्सर काढण्याची आपल्याकडील रीत सोपी आहे. शकाच्या आंकड्यांत १२ मिळवून बेरजेस ६० नीं भागावें. बाकी राहील तितका, प्रभवापासून मोजून, संवत्सर. हीच रीत शिलाहारांच्या राज्यांत चालत होती, याचा पडताळा ठाण्याच्या ताम्रपटांत मिळतो. शके ९३९ मध्यें १२ मिळविले म्हणजे ९५१ होतात. ६० नीं भागून बाकी ५१. आणि एकावन्नावा संवत्सर पिंगल. ताम्रपटांतहि पिंगल हेंच नांव आहे. आतां आक्षीच्या शकास तीच रीत लावूं. ९३४ मध्यें १२ मिळवून ९४६, बाकी ४६. आणि सेहेचाळिसावा संवत्सर परिधावी. येणेंप्रमाणें आंकडा व नांव एकमेकांस साक्ष देतात. खोदणाऱ्यानें दिलेल्या दोन निरनिराळ्या खुणा एकाच वर्षावर येऊन मिळाव्या, हें सहज घडणारें नव्हे.

(५)

उलट पक्षाचीं प्रमाणेंहि हलकीं नाहींत. त्यांतील मुख्य बिरुदांचें आहे. दहाव्या-अकराव्या शतकांतील शिलाहारांच्या ताम्रपटांत राजास महासामंताधिपति, तगरपुरपरमेश्वर अशीं मांडलिकाच्या दर्जास शोभणारीं बिरुदें आहेत. अपराजितासारखा राजा, डोक्यावर कोणी धनी उरला नसतांहि, महासामंताधिपति हेंच पद मिरवितो. अशा काळांत त्याच्या मुलास एकदम कोंकणचक्रवर्ती म्हटलेलें आढळावें, हें चमत्कारिक दिसतें. पश्चिमसमुद्राधिपति, महाराजाधिराज, कोंकणचक्रवर्ती ही भाषा या घराण्याच्या उत्तरकालीन लेखांची आहे. त्या काळांत केशिदेव नांवाचा दुसरा राजा होऊनहि गेला. वसई तालुक्यांतील मांडवी येथील शके ११२५ चा व भिवंडी तालुक्यांतील चौधरपाडा येथील शके ११६१ चा असे त्याचे शिलालेख प्रसिद्ध आहेत. शके ११३२ हें वर्ष या दोहोंच्या दरम्यान येतें. तेव्हां राजाचें नांव, त्याचा काळ आणि बिरुदें या तिन्ही गोष्टी या बाजूनें जुळतात.

मात्र संवत्सराची कसोटी दोन्ही पक्षांस सारखीच लागू केली पाहिजे. शके ११३२ मध्यें १२ मिळवून ११४४. ६० नीं भागून बाकी ४. आणि चौथा संवत्सर प्रमोद. म्हणजे ज्यास ११३२ हा आंकडा मान्य करावयाचा आहे, त्यानें दगडावर 'प्रधावी' नसून 'प्रमोद' आहे हें दाखविलें पाहिजे. आणि गंमत अशी कीं दोन्ही शब्दांचें पहिलें अक्षर एकच आहे. साठ संवत्सरांत 'प्र' या अक्षरानें आरंभ होणारीं नांवें पांच आहेत: प्रभव, प्रमोद, प्रजापति, प्रमाथी व प्रमादी. त्यांत खोदणाऱ्यानें परिधावीचें प्रधावी केलें म्हणजे सहा झालीं. मांडवी व चौधरपाडा या लेखांमधील छत्तीस वर्षांत शके ११२९ प्रभव, ११३२ प्रमोद, ११३३ प्रजापति आणि ११४१ प्रमाथी अशीं चार वर्षें 'प्र' नें आरंभ होणारीं येतात. शके ९३४ परिधावी, तर त्याच्या पुढचेंच ९३५ प्रमादी. तेव्हां 'प्र' एवढ्या एका अक्षरावरून कांहींच ठरत नाहीं. सारा भार त्याच्या पुढील अक्षरावर पडतो: तेथें 'धा' आहे कीं 'मो'?

आणखी एक गोष्ट या वादांत सहसा लक्षांत घेतली जात नाहीं. 'प्रधावी' हें वाचन पक्कें ठरलें, पण शकाचा आंकडा मात्र संशयित राहिला, असें समजा. परिधावी दर साठ वर्षांनीं येतो. शके ९३४ नंतर तो ९९४, १०५४, १११४ व ११७४ या वर्षीं आला. यांपैकीं ९९४ किंवा १०५४ च्या सुमारास केशिदेव नांवाचा राजा ठाऊक नाहीं. शके १११४ हें वर्ष, अपरादित्याच्या कारकीर्दींतील परळच्या शके ११०८ च्या लेखानंतर सहा वर्षांनीं, व केशिदेवाच्या मांडवीच्या लेखाआधीं अकरा वर्षांनीं येतें. शके ११७४ हें चौधरपाड्यानंतर तेरा वर्षांनीं. हीं दोन्ही वर्षें केशिदेवाच्या ज्ञात काळाच्या बाहेर पडतात, फार दूर मात्र नाहींत. म्हणून शके ९३४ नाकारणाऱ्यास ११३२ च पत्करावें लागतें असें नव्हे, आणि ११३२ खोडून काढल्यानें ९३४ आपोआप सिद्ध होतें असेंहि नव्हे.

लिपीवरून किंवा भाषेवरून हा प्रश्न सुटेल काय? आमच्या मतें तेवढ्यावरून सुटणार नाहीं. पडिमात्रेसारखें लेखनवैशिष्ट्य अकराव्या शतकांत आहे, तेराव्यांत आहे, आणि त्यानंतरच्या पोथ्यांतहि आहे. शिवाय राजसभेचा लेखक पत्र्यावर जें अक्षर काढतो त्याची तुलना गांवच्या पाथरवटाच्या अक्षराशीं करणें धोक्याचें असतें. त्याचें वळण शंभर वर्षें मागें राहिलेलें असूं शकतें. भाषेची गोष्ट तीच. 'शकु', 'संवतु' यांसारखीं उकारान्त रूपें जुनीं दिसतात खरीं. परंतु महानुभावांच्या गद्यांत आणि ज्ञानेश्वरींत तशीं रूपें पानोपानीं आढळतात, व ज्ञानेश्वरीची मिति शके १२१२ आहे. म्हणून उकारान्त रूप शके ९३४ चेंहि असूं शकेल आणि ११३२ चेंहि.

बिरुदांविषयींहि थोडें सावध असलें पाहिजे. राजसभेंतून निघालेल्या ताम्रपटांत पदवी मोजून-मापून लिहिलेली असते. गांवच्या दगडावर, राजा आपणांपुरता चक्रवर्तीच, या भावनेनें चढती पदवी घातली जाणें अशक्य नाहीं. राष्ट्रकूट बुडाल्यानंतरच्या त्या वर्षांत तर कोंकणच्या राजास समुद्राचा स्वामी म्हणणें वस्तुस्थितीस सोडून नव्हतें. एवढें मान्य करूनहि, दोन बिरुदें एकाच वेळीं अकाली आढळावीं याचें समाधान शके ९३४ च्या पक्षास अजून करावयाचें आहे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

(६)

या मितीवर काय अवलंबून आहे तें आतां पाहूं. शके ९३४ खरें ठरल्यास आक्षीचा लेख मितियुक्त मराठी लेखांत पहिला. तें खोटें ठरल्यास तो मान दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कुडल येथील संगमेश्वराच्या देवळांतील लेखाकडे जातो. त्याची मिति शके ९४० आहे, व तो कै. आनंद कुंभार यांच्या शोधानें उजेडांत आला. म्हणजे नुसत्या वयाच्या दृष्टीनें मराठीचें नुकसान सहा वर्षांचें. तेवढ्यासाठीं भाषेच्या अभिमान्यांनीं घाबरून जाण्याचें मुळींच कारण नाहीं. त्यानंतर दिवेआगरचा शके ९८२ चा ताम्रपट येतो. तो मराठींत आहे. आणि त्याच शके ९८२ मधील अंबरनाथच्या देवळाचा मुम्मुणिराजाच्या वेळचा लेख संस्कृतांत आहे. एकाच राज्यांत एकाच वर्षीं दोन भाषांचे दोन उपयोग चालत होते, याहून चांगला दाखला मिळणें कठिण.

खरा फरक पडतो तो दुसरीकडे. आक्षीचा लेख शके ९३४ चा असेल, तर अकराव्या शतकाच्या आरंभींच राजाचा महाप्रधान आपली नेमणूक मराठींत जाहीर करीत होता, असें म्हणावें लागेल. म्हणजे मराठीस सरकारी कामांत शिरकाव अगदीं लौकर झाला. तो शके ११३२ चा असेल, तर त्याची जागा परळच्या शके ११०८ च्या व खानदेशांतील पाटण येथील शके ११२८ च्या लेखानंतर येते. परळच्या लेखांत शापाचा भाग मराठी आहे. पाटणच्या लेखांत भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं स्थापिलेल्या मठाच्या नेमणुकींचा तपशील मराठी आहे. दोन्हीकडे प्रशस्ति संस्कृतांत, आणि सामान्य माणसाशीं ज्याचा संबंध तो भाग मराठींत. आक्षीस सबंध मजकूरच मराठी झालेला आहे. या क्रमानें पाहिल्यास, प्रथम शाप, मग तपशील, मग सर्व मजकूर, अशा पायऱ्यांनीं मराठी दगडावर चढली असें चित्र दिसतें. कोणतें चित्र खरें याचा निर्णय आक्षीच्या मितीवांचून होत नाहीं. पहिलेपणाच्या मानापेक्षां हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

(७)

निर्णय दगडावरच व्हावयास पाहिजे, आणि दगडावर तपासावयाच्या जागा दोनच आहेत. शकाचे आंकडे तीन आहेत कीं चार, ही पहिली. संवत्सराच्या नांवांत 'प्र' च्या पुढील अक्षर कोणतें, ही दुसरी. जुन्या वळणांत १ व ९ हे आंकडे एकमेकांच्या फार जवळ येतात, त्यामुळें पहिल्या जागेंत घोटाळ्यास वाव आहे. दुसऱ्या जागेंत मात्र 'धा' व 'मो' यांत पुष्कळ भेद आहे. म्हणून आमच्या मतें आधीं संवत्सर पक्का करावा आणि मग आंकड्याकडे वळावें.

यास साधनें आहेत. ओल्या कागदाचा ठसा घेण्याची जुनी रीत आजहि उत्तम आहे. दगड मऊ कुंचल्यानें व स्वच्छ पाण्यानें धुवावा. ओला कागद त्यावर बसवून ताठ केसांच्या ब्रशानें ठोकावा, म्हणजे तो अक्षरांच्या खोलगटांत शिरतो. कागद सुकत आला कीं शाईच्या गादीनें हलका हात फिरवावा. अक्षर पांढरें व भोंवतालचा भाग काळा असा ठसा उठतो. रात्रीं एका बाजूनें दिव्याचा उजेड आडवा पाडून घेतलेलीं छायाचित्रें झिजलेल्या रेघा उघड करतात. अलीकडे अनेक छायाचित्रांवरून पृष्ठभागाची उंची-खोली संगणकावर उभी करतां येते, आणि तेथें कागदाचा देखील स्पर्श दगडास होत नाहीं. आंकडा व संवत्सर या दोन जागांची अशी प्रतिकृति प्रसिद्ध झाल्यास, आक्षीस न जातांहि प्रत्येक अभ्यासकास आपलें मत बनवितां येईल.

याच्या उलट, दोन गोष्टींनीं कायमची हानि होते. एक, शेंदूर, चुना किंवा तेलाचा रंग फांसणें. दुसरी त्याहून वाईट: वाचतां यावें म्हणून अक्षरांत रंग भरणें किंवा झिजलेल्या रेघा पुन्हां कोरणें. हें काम सद्हेतूनें होतें, पण भरणारा जें वाचतो तेंच दगडावर उरतें. एका पक्षाचें वाचन मूळ म्हणून कायम होतें आणि दुसऱ्या पक्षास तपासावयास कांहींच राहत नाहीं. ज्या लेखाची मिति एका अक्षरावर टेकलेली आहे, त्यावर असें एक बोट फिरलें तरी वाद मिटेल, पण सत्य हातीं लागणार नाहीं.

जतनाविषयीं याच किनाऱ्यावरचा एक दाखला विसरतां येत नाहीं. दिवेआगरास १९९७ सालीं एका वाडींत जमिनींतून गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. देवळांत त्याची स्थापना झाली, पहारा बसला, यात्रेकरू लोटले. ता. २४ मार्च २०१२ रोजीं दरोडा पडून दोन पहारेकऱ्यांचा खून झाला, आणि मुखवटा वितळविला गेला. पुढें सोनें पुष्कळसें हस्तगत झालें, व २०२१ सालीं नव्या मुखवट्याची स्थापनाहि झाली. परंतु जुन्या कारागिराच्या हातचें काम गेलें तें गेलेंच. त्याच गांवच्या शके ९८२ च्या ताम्रपटाचें मात्र वाचन छापून निघालें आहे, त्यामुळें त्यांतील मजकूर आतां कोणास चोरतां येणार नाहीं. वस्तूचें रक्षण पहारेकरी करतो. तिच्यांतील ज्ञानाचें रक्षण ठसा, छायाचित्र आणि छापील वाचन हींच करतात.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्याजवळ आक्षीच्या लेखाचे जुने ठसे, छायाचित्रें किंवा हातानें उतरून घेतलेल्या नकला असतील, त्यांनीं त्या कोणत्या सालीं घेतल्या ही नोंद करून जपून ठेवाव्या व अभ्यासकांस दाखवाव्या. दगड दरसाल थोडा झिजतो; तेव्हां जुन्या ठशांत आजच्याहून एखादी रेघ अधिक असण्याचा संभव आहे, आणि येथें एका रेघेचें मोल दोनशें वर्षें आहे. उत्तर कोंकणांतील इतर गधेगाळांवरील संवत्सरांचीं नांवें शकाशीं ताडून पाहण्याचें कामहि कोणी हातीं घ्यावें. पाथरवट 'परिधावी' चें 'प्रधावी' करीत असत, असा दुसरा एखादा दाखला मिळाला तरी शके ९३४ च्या पक्षास मोठें बळ येईल. तसेंच शके ९७५ पूर्वींच्या एखाद्या लेखांत 'कोंकणचक्रवर्ती' हें बिरुद सांपडल्यास उलट पक्षाचें मुख्य प्रमाण लंगडें पडेल.

तूर्त आमचें मत असें. 'प्रधावी' हें वाचन जोंवर कोणी दगडावरून खोडून काढीत नाहीं, तोंवर शके ९३४ ही मिति टाकून देतां येत नाहीं. परंतु बिरुदांचा उलगडा जोंवर होत नाहीं, तोंवर ती निश्चित म्हणून वापरतांहि येत नाहीं. यास्तव ग्रंथकारांनीं व संग्राहकांनीं आक्षीच्या लेखाचा आधार घेतांना शके ९३४ या आंकड्यापुढें 'वाचन वादग्रस्त' हे दोन शब्द लिहावे, आणि दुसऱ्या मितिरहित लेखाचा काळ ठरविण्यास हा एकच दगड कधींहि पुरेसा मानूं नये.